गरुड नव्हेत, घारी. आणि आले नव्हेत, निघाले

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या जिल्हा पुरवणीत पहिल्याच पानावर ‘हजारो गरुड कोकणात दाखल’ अशी बातमी आणि तिच्याखाली हर्णै बंदरावरचा फोटो आपण छापला आहे. बातमी चार ओळींची आणि चुका तीन. फोटोतले पक्षी गरुड नाहीत, घारी आहेत. ते हजारो नाहीत; मी भिंग घेऊन दोनदा मोजले, 61 भरले, आणि त्यातले दोन कावळे आहेत. तिसरी चूक ‘दाखल’ या शब्दात आहे. बाहेरून आलेले शिकारी पक्षी चैत्रात कोकणात दाखल होत नाहीत, ते चैत्रात परत निघतात.

घार ओळखायला दुर्बीण लागत नाही. तिची शेपटी मध्ये खाच पडलेली, माशाच्या शेपटीसारखी असते आणि वळताना ती सुकाणूसारखी पिळते. तांबूस अंगाची, पांढऱ्या डोक्याची ती ब्राह्मणी घार. तिची शेपटी गोलसर. गरुडाचे पंख रुंद, टोकाला पिसे बोटांसारखी फाकलेली, आणि तो पंख हलवायचा कंटाळा करतो. संध्याकाळी लिलावाच्या वेळी हर्णैच्या पुळणीवर मासळीच्या टोपल्या उतरतात तेव्हा घारींची गर्दी होतेच. पंखाखाली पांढरा डाग ठळक असलेल्या काही घारी थंडीपुरत्या उत्तरेकडून येतात हे खरे, पण बाकीच्यांची रेशनकार्डे इथलीच आहेत.

एवढ्यावर पत्र संपले असते. पण गेली पाच वर्षे मी नेमके हेच, परत निघालेले शिकारी पक्षी मोजण्याचे, काम करतो आहे, आणि त्याविषयी वर्तमानपत्रात पहिल्यांदा काही आले ते असे आले, म्हणून जरा लांबण लावतो. जागा कमी असेल तर कापा, मात्र खाली वणव्याचा मजकूर आहे तो ठेवा.

मी एसटीत वाहक होतो. निम्म्याहून जास्त नोकरी दापोली तालुक्यातल्या गाड्यांवर झाली, त्यातही वस्तीची गाडी बरीच वर्षे. निवृत्त झाल्यावर पहाटे चारला जाग येणे काही सुटले नाही. घरात उगाच भांडी वाजवण्यापेक्षा आंजर्ल्याच्या वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या सपाटीवर, फिरायला जाऊ लागलो. तिथे आमच्या नात्यातल्या एकाची कलमांची बाग आहे. बागेच्या कडेला कुंपणाबाहेर एक जुना रायवळ आंबा आहे. त्याच्याखाली बसले की खाली डाव्या हाताला सुवर्णदुर्ग, समोर समुद्र, उजवीकडे आड्या-केळशीकडचे डोंगर आणि पाठीमागे उघडा कातळ. आकाश इतके मोठे दिसते की मान दुखते.

बागेवर राखणीला नेपाळी गुरखा आहे. वानरे हाकायची म्हणून त्याची नजर दिवसभर वरच असते. पहिल्या वर्षी मी नुसताच बघत होतो. एक दिवस तो शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, ‘काका, हमारे उधर इसको गिनते हैं.’ त्याचे गाव पोखऱ्याच्या बाजूला आहे. तिथल्या डोंगरावरून दिवाळीच्या आगेमागे गरुडांची रांग हिमालयाच्या कडेने पश्चिमेकडे जाते आणि माणसे खुर्च्या टाकून ती मोजतात. मला वाटले थापा मारतोय. पुढे माझ्या भाचीने मोबाइलवर शोधून दाखवले, खरे निघाले. मी त्याला चहा पाजला.

मोजणे हे माझ्या हाडात आहे. 55 आसनांच्या गाडीत शंभर माणसे कोंबलेली असताना टप्प्याला वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, जुळवायचे, आणि पुढच्या वळणावर तपासणीचे पथक उभे. तेव्हा एक गोष्ट शिकलो. भरलेल्या गाडीत डोकी मोजू नयेत, दाराशी मोजावीत. गाडीत माणसे हलतात, वाकतात, एकाची दोन होतात. दारातून एकावेळी एकच जातो. आकाशातही अगदी असेच आहे. पक्षी घिरट्या घालत वर चढत असतात तेव्हा मोजायला गेलात तर फसलात. वर पोचले की ते एकामागोमाग एक पंख ताठ करून सरळ रेषेत सुटतात. तेव्हा मोजायचे. हे मला कोणी शिकवले नव्हते. जगभर मोजणारे असेच मोजतात हे नंतर कळले तेव्हा, खरे सांगतो, छाती थोडी फुगली.

ते चढतात कसे, हेही सांगतो, कारण आपल्या बातमीत ‘वाऱ्याच्या झोतावर स्वार होऊन’ असे काहीतरी काव्य आहे. सकाळी मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. नऊ-साडेनऊला कातळ तापू लागतो, त्याच्यावरची हवा हलकी होऊन खांबासारखी वर जाते. जड अंगाचा पक्षी त्या खांबात शिरतो आणि पंख न हलवता गोल गोल वर जातो. वरून पुढच्या खांबापर्यंत नुसता घसरत जायचे, पुन्हा चढायचे. हा फुकटचा पास आहे. पाण्यावर हा पास चालत नाही, कारण समुद्र कातळासारखा तापत नाही. म्हणून गरुड समुद्र टाळतात आणि जमिनीच्या कडेने जातात. इस्रायलच्या दक्षिण टोकाला एलात म्हणून गाव आहे, तिथे याच कारणाने आफ्रिकेतून परतणारे शिकारी पक्षी वसंतात लाखांनी एका पट्ट्यात गोळा होतात. आपल्याकडे लाख नाहीत. आपल्याकडे बारानंतर खारा वारा सुटतो, पक्षी घाटाच्या बाजूला सरकतात आणि मी डबा उघडतो.

ससाण्यांना मात्र पासाची पर्वा नसते. ते पंख मारत जातात. पाव किलोही वजन नसलेला अमूर ससाणा नोव्हेंबरात आपल्या डोक्यावरून अरबी समुद्रावर शिरतो आणि थेट आफ्रिका गाठतो. 2012 मध्ये नागालँडात दोयांग जलाशयापाशी हे ससाणे जाळ्यांत धरून हजारोंनी मारल्याचे उघडकीला आले आणि पुढच्याच वर्षी तिथल्या गावकऱ्यांनी ते थांबवले. तिथे ‘हजारो’ शब्द शोभतो.

माझी वही साधी आहे. वेबिलासारखे रकाने पाडले आहेत. तारीख, वेळ, वारा, ढग, चढते, उतरते, शिल्लक. केळशीच्या दिशेने गेला तो चढता, हर्णैकडे परत फिरला तो उतरता. उतरते वजा करायचे. जो दिवसभर तिथल्या तिथे फिरतो तो मोजायचाच नाही. यावरून माझे आणि गुरख्याचे वाद होतात. मी पेन्सिल उचलली की तो म्हणतो, ‘काका, ये लोकल है, मोजू नको.’ दहातल्या आठ वेळा तो बरोबर असतो. उरलेल्या दोनांचा निकाल अजून लागलेला नाही.

गुढीपाडव्यापासून अक्षय तृतीयेपर्यंत, आठवड्यातून तीन दिवस, सकाळी नऊ ते एक. यंदाच्या एका मंगळवारचे पान उतरवून देतो: भोवत्या 6, खरुची 4, बुटेड ईगल 3, ओळखू न आलेले 5. चार तासांत अठरा. भोवत्या म्हणजे गवतावरून खालून खालून उडणारा शिकारी पक्षी, खरुची म्हणजे छोटा ससाणा आणि बुटेड ईगल म्हणजे पायांत पिसांचे मोजे घातलेला छोटा गरुड. ‘ओळखू न आलेले’ हा रकाना मी मुद्दाम ठेवला आहे. ज्याच्या वहीत तो रकाना नाही त्याच्या बाकीच्या रकान्यांवर माझा विश्वास बसत नाही. दोन दिवसांनी गुरुवारी ढग होते, वारा पडलेला. त्या पानावर सगळ्या रकान्यांत शून्य आहे. खाली फक्त ‘उकाडा’ लिहिले आहे.

त्या शून्याविषयी मला बोलायचे आहे. एसटीत रिकामी फेरी गेली तरी वेबिल भरावे लागते. कोणी चढले नाही म्हणून फेरी झालीच नाही असे होत नाही. वर्तमानपत्रांना आणि फोटो काढणाऱ्या मंडळींना भरलेल्या गाड्याच दिसतात. एक दिवस थवा दिसला, बातमी. पुढचे वीस दिवस काही दिसले नाही, ते कुठेच नोंदले जात नाही. मग दहा वर्षांनी पक्षी कमी झाले का, असे कोणी विचारले की आपल्यापाशी असतो तो एक फोटो आणि ‘हजारो’.

भाचीने मला अमेरिकेतल्या एका डोंगराची हकिकत सांगितली. पेन्सिल्व्हेनियात हॉक माउंटन म्हणून डोंगर आहे. शरदात त्याच्यावरून ससाणे, गरुड जात आणि लोक बंदुका घेऊन त्यांना टिपायला येत. 1934 मध्ये रोझली एज नावाच्या बाईंनी तो डोंगर भाडेपट्ट्याने घेतला, मॉरिस ब्रून या गृहस्थांना तिथे राखणदार नेमले, आणि ब्रून वर बसून मोजू लागले. म्हणजे तिथेही सुरुवात राखणदारानेच केली! हे ऐकून आमचा गुरखा खूश झाला. ब्रून नुसता आकडा लिहीत नसत. पांढऱ्या डोक्याच्या गरुडांत जून किती आणि कोवळे किती, हेही लिहीत. 1935 ते 1939 या काळात शंभरातले चाळीस कोवळे होते. 1955 ते 1959 मध्ये वीसच उरले. 1957 साली तर 32 जुन्या गरुडांमागे कोवळा एक. म्हणजे गरुड दिसत होते, पण पिल्ले जगत नव्हती. डीडीटी या कीटकनाशकाच्या विरोधात रेचल कार्सन यांनी 1962 साली पुस्तक लिहिले त्यात हे आकडे पुराव्याला आहेत. डोंगरावर थंडीवाऱ्यात बसून पेन्सिलीने लिहिलेले आकडे.

आपल्याकडचेच बोलायचे तर गिधाडांचे बघा. माझ्या लहानपणी सड्यावर मेलेले ढोर टाकले की तासाभरात गिधाडे उतरत. घाण वाटायची, आम्ही दगड मारायचो. ती कधी दिसेनाशी झाली ते गावात एकालाही सांगता येत नाही. ‘असतील की हो कुठेतरी’ असेच सगळे म्हणत राहिले. भरतपूरला केवलादेव राष्ट्रीय उद्यानात मात्र बीएनएचएस या मुंबईच्या निसर्ग-अभ्यास संस्थेचे विभू प्रकाश यांच्यापाशी ऐंशीच्या दशकातले आकडे होते. नव्वदच्या दशकात पुन्हा मोजले तेव्हा घसरण लख्ख दिसली. मग कारण शोधले गेले, ढोरांना टोचायचे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध हाती लागले, 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आधीचे आकडे नसते तर भरतपूरवालेही आमच्यासारखेच ‘असतील कुठेतरी’ म्हणत बसले असते.

आता वणव्याचे. सड्यावर माझ्या आंब्यापासून अर्ध्या कोसावर गवताचा एक पट्टा होता, गुडघाभर उंच. भोवत्या रात्री झाडावर झोपत नाहीत, जमिनीवर गवतात झोपतात. दिवसभर टोळ, नाकतोडे, उंदीर मारायचे आणि दिवेलागणीला एकेक करून गवतात उतरायचे. त्यातल्या काही जाती इथून जातात त्या पार कझाकस्तानच्या माळांवर घरटी करायला. गेल्या वर्षी फाल्गुन संपता संपता मी तीन संध्याकाळी त्या पट्ट्याजवळ बसून मोजले: 14, 17, 17. चौथ्या संध्याकाळी गेलो तर सगळा पट्टा काळा. कोणी लावला ते ठाऊक नाही आणि मी नाव घेणारही नाही. सड्यावर दरवर्षी कोणी बागेला आग लागू नये म्हणून कडेचे गवत जाळतो, कोणी पुढच्या वर्षी गवत चांगले येते म्हणून जाळतो, कोणाची विडी पुरते. मी कडेला उभा होतो. सव्वासहाच्या सुमारास दोन भोवत्या आल्या. राखेवरून खालून खालून फेऱ्या मारल्या, चार, पाच. मग अंधार पडला आणि मला त्या दिसेनाशा झाल्या. वहीत लिहिले: 2, उतरल्या नाहीत. पुढच्या संध्याकाळी शून्य.

आता हे बघा. उरलेल्या पंधरा त्या रात्री जळाल्या का? उडून दुसऱ्या गवतात गेल्या का? की त्यांची निघायची वेळच झाली होती? फाल्गुनाच्या शेवटी भोवत्या निघतातच. मला सांगता येईना. त्या पट्ट्याच्या माझ्यापाशी तीनच संध्याकाळी होत्या. आदल्या चार-पाच वर्षांच्या असत्या तर त्या साधारण कुठल्या आठवड्यात निघतात हे मला माहीत असते, आणि मी ग्रामसभेत उभा राहून छातीठोक बोललो असतो. तसा उभा राहिलोही. एकाने विचारले, ‘मास्तर, ते जायचेच होते ना?’ माझ्यापाशी उत्तर नव्हते. खाली बसलो. वेबिल न जुळता पथकासमोर उभे राहायची माझ्यावर सबंध नोकरीत वेळ आली नाही, ती त्या दिवशी आली.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की मोजणी परतीच्या वेळी व्हायला हवी. आपल्याकडचे मोजणीचे सगळे सण थंडीतले. 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह, तेव्हा आपण सालिम अलींचा फोटो छापता. जानेवारीत पाणपक्षी गणना. फेब्रुवारीत परसातले पक्षी मोजायचे चार दिवस. मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी स्थलांतरित पक्षी दिन येतो, तोवर बरेचसे शिकारी पक्षी निघूनही गेलेले असतात. आले किती हे विचारणारे पुष्कळ आहेत. पण इथला हिवाळा काढून, आपली शेते, आपली विषे, आपले वणवे, आपल्या विजेच्या तारा यांतून वाचून परत निघाले किती, हा आकडा चैत्रातच मिळतो. सालिम अलींनी 1930 साली याच किनाऱ्यावर, अलिबागजवळ किहीमला, सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला तो घरटी मोजूनच. एक नर किती घरटी बांधतो आणि किती माद्या नांदवतो हे त्यांनी रोज जाऊन पाहिले म्हणून कळले. त्यासाठी त्यांना प्रयोगशाळा लागली नाही.

पुळणीवरचे चिखले नावाचे बारके पक्षी मोजायचे मी मनात आणतो, पण माझे डोळे आता तेवढे चालत नाहीत. चैत्रात त्यांच्या छातीवर विटकरी रंग चढतो, तेव्हा समजावे की निघायची तयारी झाली. त्याच दिवसांत त्यांना पोटभर खाऊन चरबी साठवायची असते आणि त्याच दिवसांत पर्यटकांच्या गाड्या ओल्या वाळूवरून धावत असतात. कोणा तरुणाने हे काम अंगावर घ्यावे. चढते-उतरते कसे लिहायचे ते मी शिकवीन, चहासकट.

आपल्याला विनंती अशी. जिल्हा पुरवणीत भरती-ओहोटीच्या वेळांची चौकट रोज असते. पाडवा ते अक्षय तृतीया या महिन्याभरात आठवड्यातून एकदा तिच्याखाली दोन ओळींची जागा द्या. ठिकाण, किती तास बसलो, वारा कुठला, किती गेले. शून्य असेल तर शून्य छापा. मी पोस्टकार्डाने कळवत जाईन. वेळास, गुहागर, मालवण, वेंगुर्ले कुठूनही कोणी कळवले तर त्याचेही छापा. हापूसच्या पेटीचा भाव आपण छापताच, त्याला जेवढी जागा लागते तेवढीच लागेल. आणि ‘हजारो’ हा शब्द छापण्याआधी कोणी मोजले, असे वार्ताहराला एकदा विचारा.

यंदाचा आमचा शेवटचा दिवस येत्या शनिवारी आहे. आंबा उतरून झाला की गुरखा महिन्याभरात गावी जाईल. त्याच्या मागोमाग नवरंग पक्षी येईल, पाऊस जवळ आला की चातक. ते मात्र खरोखरच ‘दाखल’ होतात. तेव्हा आपला मथळा वापरायला माझी हरकत नाही.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त एसटी वाहक, आंजर्ले, ता. दापोली
(नाव-पत्ता पाकिटावर लिहिला आहे, छापू नये.)

ता. क. फोटोतले दोन कावळे वरच्या डाव्या कोपऱ्यात आहेत.